रात्रीच्या हेलिकॉप्टर उड्डाणात उपग्रह दिशादर्शन बंद पडल्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईच्या आकाशातून रात्री जाणारी हेलिकॉप्टरे पाहून लोकांना पडणारे प्रश्न, तसेच हवाई प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी व समुद्रातील तेलक्षेत्रावर कामाला जाणारे कर्मचारी नेहमी विचारतात असे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे सामान्य वाचकाला समजतील अशी दिली आहेत. वैमानिकाने मात्र आपल्या हेलिकॉप्टरची पुस्तिका आणि आपल्या संस्थेची कार्यपद्धतीच प्रमाण मानावी.

जीपीएस बंद पडले म्हणजे हेलिकॉप्टर संकटात सापडते का?

नाही. इंजिन, रोटर आणि नियंत्रणे यांचा उपग्रहांशी काहीही संबंध नसतो, त्यामुळे हेलिकॉप्टर पूर्वीइतकेच व्यवस्थित उडत राहते. आपण कुठे आहोत हे सांगणारे एक साधन तेवढे जाते. हे साधन गेल्यावर वैमानिक काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. दिवसा तो खिडकीबाहेर पाहून मुंब्र्याचा डोंगर किंवा वाशीचा पूल ओळखतो आणि प्रश्न मिटतो. रात्री मात्र नकाशाचा पडदा कोरा झाला की नजर त्या पडद्यावरच खिळते, हात बटणांकडे जातो, आणि तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर हळूहळू एका बाजूला कलले किंवा खाली जाऊ लागले तरी ते जाणवत नाही. विमानाच्या तुलनेत हेलिकॉप्टर मुळातच कमी स्थिर असते. स्वयंचलित स्थिरीकरण नसेल, तर सायक्लिकवरचा, म्हणजे हेलिकॉप्टर कलवणाऱ्या मुख्य दांड्यावरचा, हात काही सेकंदही सैल सोडून चालत नाही.

संकेत जातो तरी का?

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संकेत आपल्यापर्यंत येईतो इतका क्षीण होतो, की रिसीव्हरमधील स्वतःच्या विद्युत खरखरीपेक्षाही तो खालच्या पातळीवर असतो. संध्याकाळच्या गर्दीत ठाणे स्थानकाच्या फलाटावर कोणी लांबूनच कुजबुजावे आणि ते आपण ऐकावे, असा हा प्रकार आहे. ठरावीक सांकेतिक रचनेमुळेच रिसीव्हर तो संकेत खरखरीतून वेगळा काढू शकतो. म्हणूनच त्यात अडथळा आणायला फार शक्ती लागत नाही.

कारणे दोन प्रकारची असतात, हेलिकॉप्टरमधली आणि बाहेरची. आतल्या कारणांत अँटेनाची सैल जोडणी, केबलमध्ये शिरलेले पाणी, रिसीव्हरचा बिघाड आणि एखाद्या दुसऱ्या रेडिओचा हस्तक्षेप ही नेहमीची कारणे होत. खाऱ्या हवेत सतत उडणाऱ्या हेलिकॉप्टरांत जोडण्या गंजणे ही किरकोळ बाब नव्हे. शिवाय अँटेना रोटरच्या चकतीखाली बसवलेला असेल, तर फिरणारी पाती वरून येणारा संकेत पुन्हा पुन्हा कापत राहतात. चांगला रिसीव्हर हे सहन करतो, पण आधीच दुबळा झालेला संकेत अशा वेळी सहज तुटतो.

बाहेरच्या कारणांत मुद्दाम केलेला अडथळा येतो. गाडीवरील मागोवा घेणारे उपकरण चुकवण्यासाठी वापरला जाणारा छोटा जॅमरही जवळून कमी उंचीवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरला त्रास देऊ शकतो. भारतात सरकारी परवानगीशिवाय जॅमर बाळगणे वा वापरणे बेकायदा आहे. बाहेरचे आणखी एक कारण निसर्गाचे आहे, आणि ते आपल्या प्रदेशात विशेष महत्त्वाचे असल्याने त्याचा विचार पुढील प्रश्नात स्वतंत्रपणे केला आहे.

रात्रीच संकेत बिघडतो, हे खरे की वैमानिकांचा समज?

यात तथ्य आहे. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर असलेल्या आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरातून, उपग्रहाचा संकेत खाली येतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशांत सूर्यास्तानंतर या थरात विरळ झालेले मोठमोठे बुडबुडे तयार होऊन वर चढतात, आणि त्यांच्यातून जाणारा संकेत लुकलुकू लागतो, म्हणजे त्याची तीव्रता क्षणोक्षणी कमीजास्त होते. भारताचा बराच भाग या पट्ट्यात येतो. हा उपद्रव सूर्यास्तानंतरच्या काही तासांत जास्त असतो आणि मध्यरात्रीनंतर सहसा ओसरतो. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत आणि सूर्यावरील डागांचे चक्र शिगेला असताना तो वाढतो.

मात्र त्यामुळे दर वेळी जीपीएस पूर्ण बंद पडते असे नाही. एकाच वेळी आकाशाच्या एका भागातले दोनतीन उपग्रह निसटतात आणि उरलेल्यांवर काम चालू राहते. स्थान कळायला चार उपग्रह लागतात, त्यातला एखादा चुकीचे सांगतो आहे हे कळायला पाच लागतात आणि तो दोषी उपग्रह ओळखून वगळायला सहा लागतात. त्यामुळे नकाशा पडद्यावर दिसत असूनही तो विश्वासार्ह नसल्याची सूचना येऊ शकते. ही सूचना नकाशा कोरा होण्याइतकीच गांभीर्याने घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संकेत जाताच पहिल्या मिनिटात वैमानिकाने काय करावे?

सर्वात आधी नजर कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे हेलिकॉप्टर सरळ आहे की कललेले हे दाखवणाऱ्या साधनावर, आणावी. हेलिकॉप्टर समतल, नाक योग्य ठिकाणी, वेग बाहेर न पाहता केवळ साधनांवर उडण्यासाठी ठरवून दिलेल्या किमान वेगापेक्षा जास्त आणि उंची कायम, या चार गोष्टी तपासून होईपर्यंत दिशादर्शनाच्या पडद्याला हात लावू नये. ऑटोपायलट जीपीएसच्या मार्गाला जोडलेला असेल, तर संकेत जाताच तो मार्ग सोडून केवळ स्थिती राखतो, काही यंत्रणांत तो पूर्ण सुटतोही. म्हणून त्याला लगेच दिशादर्शकाच्या आकड्यावर, म्हणजे हेडिंगवर, आणि उंची राखण्यावर आणून ठेवावे.

त्यानंतर स्टॉपवॉच सुरू करावे. ही गोष्ट जुनाट वाटेल, पण शेवटचे खात्रीचे स्थान आणि तेव्हाची वेळ हातात असली, की पुढचे गणित पाचवीतल्या मुलालाही जमण्यासारखे असते. एक उदाहरण पाहू. हेलिकॉप्टर जुहूहून निघून वाशीच्या पुलावर असताना संकेत गेला, वेग 100 नॉट आहे आणि नवी मुंबई विमानतळ तेथून साधारण सात सागरी मैलांवर आग्नेयेला आहे. 100 नॉटचा अर्थ मिनिटाला तीन किलोमीटरहून थोडे अधिक, म्हणजे विमानतळ चार मिनिटांहून थोडा जास्त दूर. या अवधीत आडवा वारा 15 नॉटचा असला, तरी हेलिकॉप्टर बाजूला सरकते ते साधारण एक सागरी मैल. मुंबई परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरकही एका अंशाहून कमी असल्याने होकायंत्राचा आकडा जवळजवळ तसाच वापरता येतो. वारा दर अर्ध्या तासाला नोंदवून ठेवण्याची सवय असेल, तर ही चूक आणखी कमी होते. वाऱ्याचा हा आकडा संकेत जाण्याआधीच लिहून ठेवायला हवा, कारण पडद्यावर दिसणारा वारा जीपीएसच्याच वेगावरून काढलेला असतो आणि तो जीपीएसबरोबरच जातो.

रिसीव्हर बंद करून पुन्हा सुरू करणे, फ्यूज पाहणे, दुसरा रिसीव्हर निवडणे ही कामे यानंतरची. कॉकपिटमध्ये दोघे असतील तर एकाने फक्त उडवावे आणि दुसऱ्याने ही कामे करावीत. एकच वैमानिक असेल तर नियंत्रण कक्षाशी बोलून, सुरक्षित उंची गाठून मगच यंत्राला हात घालावा.

खाली एवढे दिवे असताना वाट का सापडू नये?

सापडते, पण फसगतही होते, आणि आमच्या भागात ती होण्याची ठिकाणे ठळक आहेत. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूची दिव्यांची रांग शिवडीपासून चिर्ल्याकडे समुद्रावरून तिरपी जाते. हेलिकॉप्टर त्या रांगेकडे कोनातून येत असेल आणि बाकी सर्व काळोख असेल, तर डोळे त्या रांगेलाच क्षितिज समजतात आणि हात नकळत हेलिकॉप्टर तिच्याशी समांतर कलवतो. खाडीच्या स्थिर पाण्यात घोडबंदर रस्त्यावरील किंवा ऐरोलीच्या इमारतींचे दिवे उलटे दिसतात, तेव्हा वर कोणते आणि खाली कोणते याचाही क्षणभर संभ्रम होतो. उरणच्या बाजूला जेएनपीए बंदराच्या क्रेनवरील प्रखर दिवे डोळ्यांची अंधाराला झालेली सवय मोडतात, आणि ती परत यायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो.

उलट बाजूला डोंगर आहेत. येऊर आणि पारसिकच्या रांगांवर दिवे जवळजवळ नाहीतच. वैमानिकाला दिसते ते केवळ एवढेच, की शहराच्या उजेडात एक काळा तुकडा आहे. तो तुकडा खाडी असू शकतो, मिठागर असू शकते, कांदळवन असू शकते किंवा समोरचा डोंगर असू शकतो. ओळखण्याची एक खूण मात्र उपयोगी पडते. पलीकडचे दिवे खालून वर एकेक करून नाहीसे होऊ लागले, तर मध्ये काहीतरी उंच आहे आणि आपण त्याच्या माथ्याखाली आहोत, असे समजून तातडीने वर चढावे. वीजवाहिन्यांच्या बाबतीत तर हीसुद्धा खूण मिळत नाही. कळव्याच्या उपकेंद्राकडे येणाऱ्या उच्चदाबाच्या तारा रात्री दिसत नाहीत, म्हणून मनोरे शोधण्याऐवजी त्यांच्या वर राहण्याचीच उंची ठेवावी लागते.

दिव्यांवरून दिशेचा अंदाज पडताळून पाहणे योग्य आहे. पामबीच रस्त्याची वळणदार दुहेरी रांग, वाशीचे पूल, विमानतळाचे फिरते प्रकाशदीप या चांगल्या खुणा आहेत. पण हेलिकॉप्टरची स्थिती, म्हणजे ते सरळ आहे की कललेले, हे दिव्यांवरून कधीही ठरवू नये.

मग सुरक्षित उंची कोणती?

साधनांच्या नियमांखाली उडताना, आपल्या अंदाजित स्थानापासून 8 किलोमीटरच्या आतील सर्वात उंच अडथळ्यापेक्षा किमान 1,000 फूट वर आणि डोंगराळ प्रदेशात 2,000 फूट वर राहावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नवी मुंबई विमानतळाच्या पूर्वेला जेमतेम नऊ-दहा सागरी मैलांवर प्रबळगड आणि त्यापलीकडे माथेरानचे पठार आहे. माथेरान सुमारे 800 मीटर, म्हणजे 2,600 फुटांच्या आसपास. 1,500 फुटांवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरने पनवेल ओलांडल्याचे लक्षात न घेता पूर्वेकडे 100 नॉटने जात राहिल्यास, पाचसहा मिनिटांत ते या डोंगरांच्या अंगाशी येते. ‘अंदाजित स्थान’ या शब्दांना म्हणूनच महत्त्व आहे. स्थानाची खात्री जितकी कमी, तितके मोठे वर्तुळ धरून त्यातील सर्वात उंच ठिकाण विचारात घ्यावे लागते.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. मुंबईच्या हवाई हद्दीत हेलिकॉप्टरांना बहुधा खालच्या उंचीवर ठेवतात, कारण वरून प्रवासी विमाने उतरत असतात, आणि 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी वाहतूक सुरू झालेली आहे. म्हणून परवानगीशिवाय एकाएकी वर चढणे हाही धोका असतो. आधी सांगावे आणि मग चढावे. मात्र समोर डोंगर असल्याची शंका असेल, तर चढावे आणि चढता चढता सांगावे.

नियंत्रण कक्षाला नेमके काय सांगायचे?

थोडक्यात आणि आडपडदा न ठेवता सांगावे : ‘मुंबई अप्रोच, जीपीएस लॉस्ट, लास्ट नोन पोझिशन वाशी ब्रिज, हेडिंग वन टू फाइव्ह, वन थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, रिक्वेस्ट क्लाइम्ब अँड रडार व्हेक्टर्स.’ एवढ्यावर नियंत्रक रडारवरून स्थान सांगू शकतो आणि दिशा देऊ शकतो. नियंत्रकाच्या पडद्यावरील एडीएस-बी माहिती, म्हणजे हेलिकॉप्टरने स्वतः प्रसारित केलेले स्थान, हेलिकॉप्टरच्या जीपीएसवरूनच येते, त्यामुळे ती नाहीशी किंवा चुकीची झालेली असू शकते. रडार मात्र ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या हेलिकॉप्टरमधील उपकरणाच्या, उत्तरावरून स्वतः अंतर व दिशा मोजते. म्हणून आपले जीपीएस गेले आहे, ही माहिती नियंत्रकालाही तितकीच हवी असते. कमी उंचीवर, डोंगराआड, रडारला हेलिकॉप्टर दिसत नाही, आणि चढण्याची परवानगी मागण्याचे हे दुसरे कारण आहे. ठरलेल्या वारंवारतेवर उत्तर न मिळाल्यास 121.5 मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची वारंवारता आहेच.

संकोचामुळे हे सांगायला उशीर होतो, असे प्रशिक्षणात वारंवार दिसते.

जुनी रेडिओ साधने अजून उपयोगी पडतात का?

नक्कीच, फक्त ती आधीच लावून ठेवलेली असावीत. सांताक्रूझच्या विमानतळावरील व्हीओआर आणि डीएमई या रेडिओ केंद्रांमुळे अनुक्रमे दिशा आणि अंतर मिळतात, आणि एवढ्याने स्थान निश्चित होते. व्हीओआर लावल्यावर त्याची मोर्स ओळख ऐकायलाच हवी. मुंबईची ओळख तीन ‘बी’ अशी आहे, म्हणजे एक लांब आणि तीन आखूड ठोके, असे तीन वेळा. या साधनांचे संकेत सरळ रेषेत जात असल्याने 1,000 फुटांवर त्यांचा पल्ला कागदोपत्री सुमारे 40 सागरी मैल असला, तरी पारसिकच्या आड गेल्यावर काटा डळमळतो. रेडिओ अल्टिमीटर उपग्रहांवर अवलंबून नसतो आणि खाडीवर तो अत्यंत भरवशाचा आहे. तो फक्त थेट खालचे अंतर मोजतो, समोरचा कडा त्याला दिसत नाही.

मुंबई हायकडे जाताना संकेत गेला तर?

किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर दूर असलेल्या या तेलक्षेत्रावर 3,000 फुटांवरून मुंबईच्या व्हीओआरचा उपयोग होत नाही, कारण त्या उंचीवर पल्ला 65-70 सागरी मैलांचाच असतो. जगभरातील समुद्री तेलक्षेत्रांत अशा वेळी तेल काढणाऱ्या फलाटांवरील एनडीबी, म्हणजे दिशा दाखवणारे साधे रेडिओ प्रक्षेपक, आणि हेलिकॉप्टरचे हवामान रडार यांचा आधार घेतात. पोलादी फलाट रडारवर ठळक उमटतात. डोंगर नसल्याने समुद्रावर दिशा चुकणे तितके घातक नाही. घातक आहे तो काळोख. 4 नोव्हेंबर 2015 च्या रात्री याच क्षेत्रात, रात्रीच्या उतरणीचा सराव करणारे एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि त्यातील दोन्ही वैमानिक गेले. तो प्रसंग जीपीएसचा नव्हता, पण काळ्या समुद्रावर एका उजळ फलाटाखेरीज काहीच दिसत नसताना उडणे किती अवघड असते, याची जाणीव त्यावरून यावी. इंधनाचा हिशेबही येथे वेगळा असतो. फलाट न सापडल्यास किनाऱ्यावर परत येण्याइतके इंधन कोणत्या मिनिटापर्यंत उरते, ते निघण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

संकेत जाणे आणि फसवा संकेत येणे यांत अधिक वाईट काय?

फसवा संकेत, यात शंका नाही. संकेत गेला तर पडदा तसे सांगतो. फसव्या, म्हणजे उपग्रहाचा भासवून मुद्दाम पाठवलेल्या खोट्या, संकेतात पडदा पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो. घड्याळाची वेळ अचानक बदलणे, वाऱ्याचा आकडा अशक्य दिसणे, नकाशावरील हेलिकॉप्टर उडी मारून दुसरीकडे जाणे आणि मोकळ्या आकाशात डोंगर जवळ असल्याचा यंत्राचा इशारा वाजू लागणे ही त्याची लक्षणे आहेत. त्यातला शेवटचा प्रकार सर्वात अडचणीचा, कारण रात्री डोंगराचा इशारा खोटा ठरवण्याचा अधिकार वैमानिकाने सहजासहजी घेऊ नये. आधी चढावे, मग रेडिओ अल्टिमीटर आणि व्हीओआर यांच्याशी ताडून पाहावे.

हा विषय आता केवळ सीमेवरचा राहिलेला नाही. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर व जम्मूच्या परिसरात, अशा 465 घटनांची नोंद झाल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीत अशा घटनांच्या ठिकाणांत दिल्लीबरोबर मुंबईचेही नाव होते.

‘गगन’ किंवा ‘नाविक’ असल्यावर ही अडचण राहते का?

‘गगन’ ही इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची यंत्रणा जीपीएसमधील चुका दुरुस्त करून अचूकता वाढवते, ती जीपीएसची जागा घेत नाही. जॅमरने जीपीएस गेले तर त्याच वारंवारतेवर येणारा ‘गगन’चा संकेतही जातो. ‘नाविक’ ही भारताची स्वतंत्र उपग्रह यंत्रणा असून, 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून तिचे संकेत जीपीएसही वापरते त्या एल-1 वारंवारता पट्ट्यातही मिळू लागले. तथापि हेलिकॉप्टरांत बसवलेले बहुतेक प्रमाणित रिसीव्हर आजही केवळ जीपीएसवर चालतात.

वैमानिकाच्या टॅबलेटवर किंवा मोबाईलवर नकाशा असतोच ना?

असतो, आणि निदानासाठी तो उपयोगीही आहे. हेलिकॉप्टरचा रिसीव्हर बंद पण टॅबलेट व्यवस्थित चालू असेल, तर दोष बहुधा आतला आहे. दोन्ही एकदम गेले असतील तर कारण बाहेरचे आहे. यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये. मांडीवरचा उजळ पडदा रात्री डोळे दिपवतो आणि मान खाली घालायला लावतो. मान खाली घालून वळण घेणे हे भोवळ ओढवून घेण्याचे हमखास साधन आहे. गुडघ्यावरच्या पाटीला लावलेला, पेन्सिलने टप्पे, दिशा, मिनिटे आणि सुरक्षित उंची लिहिलेला कागद आम्हाला दुसऱ्या टॅबलेटपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

भारतात रात्री असे उड्डाण कोणालाही करता येते का?

नाही. सूर्यास्तानंतर केवळ बाहेर पाहून उडण्याच्या नियमांखाली सर्वसाधारणपणे उड्डाण करता येत नाही. स्थानिक व सरावाच्या उड्डाणांना नियंत्रण कक्ष सूट देऊ शकतो. एरवी साधनांवर उडण्याची पात्रता आणि तशी सज्जता असलेले हेलिकॉप्टर लागते.

प्रसंग घडून गेल्यावर नोंद कुठे करायची?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये उपग्रह संकेतांतील अडथळ्यांविषयी परिपत्रक काढले. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळाभोवती फसव्या संकेतांचे प्रकार घडल्यानंतर, असा प्रकार लक्षात आल्यापासून 10 मिनिटांत कळवावा, असे वैमानिक आणि नियंत्रकांना सांगण्यात आले. नोंदीत वेळ, ठिकाण, उंची, दिशा, किती वेळ संकेत नव्हता, कोणते रिसीव्हर गेले आणि कोणते चालू राहिले, हे असावे. उतरल्यावर अभियंत्यालाही तांत्रिक नोंदवहीत हे लिहून द्यावे. संकेत आपोआप परत आला म्हणून ही नोंद टाळू नये, कारण अँटेनाची सैल जोडणीदेखील थरथर थांबली की काही काळ नीट चालते.